घंटा वाजल्यापासून

सोमवारी सकाळी नऊला बालवाडीच्या जागांचं संकेतस्थळ उघडणार होतं. जो आधी अर्ज भरेल, त्याची जागा. आमच्या बिश्केक शहरात मुलाला जागा नाही मिळाली की आईची नोकरी जाते. जागा हुकली तर माझ्या बहिणीची जाणारच होती. आणि हे संकेतस्थळ गर्दी पेलेल असं लिहून सही करायची होती मला, त्याआधीच्या शुक्रवारी.

चाचणीसाठी मी संगणकात पाचशे खोट्या आया बनवल्या. प्रत्येकीने पान मागायचं, उत्तर आलं की लगेच पुढचं. सात लाख उत्तरं आली. सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आत.

"झालं! कर सही," आमचा साहेब तालाय म्हणाला.

कुलिपा एजे, म्हणजे आम्हा सगळ्यांची थोरली ताई, चहा ओतत होती. ओश शहराच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिची सव्वीस वर्षं गेली, आता आमच्याकडे तक्रारींचे फोन घेते.

"मध्ये कुठे अडकलं का रे, जेनिश?"

"एकदाच, चाळीस सेकंद. पण त्यात पाचशेच जणी सापडल्या, एजे."

"तेवढ्यात नव्या किती आल्या?"

"नव्या कशा येतील? सगळ्या उत्तराची वाट बघत थांबलेल्या."

"फारच शहाण्या बाया तुझ्या!" ती हसली. "आमचं एक्सचेंज अडकलं म्हणून ओशमध्ये कुणी फोन करायचं थांबत नव्हतं. घंटा वाजतच राहायच्या. आमचा मुख्य मात्र घंटा वाजल्यापासून नाही, मी तार जोडल्यापासून वेळ मोजायचा. गाढव!"

"एजे, चहा गार होतोय," तालाय म्हणाला.

"होऊ दे. तुझं डोकं गरम आहे ना, पुरे."

मला लाज वाटली. चार वर्षं चाचण्या घेताना मी तेच गाढव होतो. मी चाचणी बदलली. दर सेकंदाला पाचशे आया येणारच, आत कोणी अडको वा मरो. वेळ मोजायची ती आई दाराशी आली तेव्हापासून.

पुन्हा तेच चाळीस सेकंद आले. पडद्यावर एकेक आई म्हणजे एकेक ठिपका. ठिपके चढत गेले, चढतच गेले. वीस हजार! सरासरीच्या सपाट रेघेखाली आम्ही गाडलेली माणसं डोंगरकड्यासारखी उभी राहिली. मी असं काही पाहिलं नव्हतं.

"यातली तुझी बहीण कुठली?" एजेने हळूच विचारलं.

कुठलीही असू शकत होती.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो.

सोमवारी हे उघडता येणार नाही असं सांगायला तालायने शिक्षण खात्याला फोन लावला, आणि तिकडून कोणी उचलेपर्यंत एजे बोटांवर सेकंद मोजत होती.