जागा हरवलेला आवाज

मी एक जुना डॅक आहे. मित्रांनो, हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. ज्यांच्या घरात मी वर्षानुवर्षं राहिलो, त्यांतल्याही अर्ध्या माणसांनी मला राउटर समजून माझी बटणं दाबली आहेत. मी जाड पुस्तकाएवढा एक काळा डबा आहे. पुढच्या बाजूला एक बटण आणि तीन बारीक दिवे, मागच्या बाजूला भोकंच भोकं. कंप्युटरमध्ये गाणं असतं ते गाण्यासारखं नसतं, ती आकड्यांची लांबच लांब रांग असते. आकडे काही कानाला ऐकू येत नाहीत. मी त्या आकड्यांच्या विजेच्या लाटा करतो. माझ्या शेजारचा अॅम्प्लिफायर त्या लाटा जोरकस करतो आणि स्पीकर त्या हवेत सोडतात. थोडक्यात, मी दुभाष्या आहे. काम सरळ आहे. तरीही माझ्या आयुष्यातला सगळ्यात लक्षात राहिलेला काळ गोंधळाचा होता, आणि तो गोंधळ मला तेव्हा अजिबात उलगडला नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. चष्मा कपाळावर सरकवून एक बाई माझ्या पोटातले बारीक तुकडे सोल्डर करत होती. मला खोक्यात घालताना तिने पाठीवर थाप मारल्यासारखं माझ्या झाकणावर बोट वाजवलं. पुढे एका दातांच्या डॉक्टरांनी मला विकत घेतलं, चार महिने माझं कौतुक केलं आणि मग माझ्याहून चकचकीत यंत्र आणून मला कपाटात टाकलं. तिथून मी जुन्या वस्तूंच्या दुकानात आलो. एका बाजूला इस्त्री, दुसऱ्या बाजूला मिक्सर. लोक यायचे, मला उचलून उलटंसुलटं करायचे आणि विचारायचे, "हे काय चार्ज करायचं असतं का?" दुकानदारालाही नक्की ठाऊक नव्हतं. तो म्हणायचा, "चालू आहे, एवढं नक्की."

एके दिवशी एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीतली, पुलांचे आराखडे काढणारी इंजिनिअर. तिने मला पाहिलं आणि लगेच ओळखलं. मला कोण आनंद झाला! तिला मी तिच्या बाबांसाठी हवा होतो.

बाबा पियानो जुळवायचे. शहरात ज्यांच्याकडे पियानो होता, त्यांच्याकडे हे आपली कातडी पिशवी घेऊन जायचे. पिशवीत तारा ताणायची लांब दांड्याची किल्ली, सूर ताडून पाहायचा स्वरकाटा आणि तारांमध्ये दाबायचे नमद्याचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, तुकडे. एकेक तार ऐकत ते दिवस दिवस बसायचे. घरी त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीपाशी आईंचं शिवणयंत्र, कारण त्या शिवणकाम करायच्या. भिंतीला लागून अॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर. समोर बाबांची खुर्ची. खुर्चीचे हात घासून गुळगुळीत झालेले. बाबांच्या जुन्या टेप झिजत चालल्या होत्या, म्हणून मुलीने त्यांतली सगळी गाणी कंप्युटरवर उतरवून घेतली होती. ती वाजवायला आता मी आलो होतो.

मला जोडण्याचा दिवस आठवला की अजून माझे दिवे लुकलुकतात. मुलीने कंप्युटरपासून माझ्यापर्यंत वायर आणली, माझ्यापासून अॅम्प्लिफायरपर्यंत लाल आणि पांढरी अशा दोन वायरी नेल्या आणि गाणं लावलं. शांतता.

"तुझा डबा मुका दिसतोय," आई मशीनवरून म्हणाल्या.

"आई, थांब ना. कंप्युटरला सांगावं लागतं, आवाज इकडे पाठव म्हणून."

तिने सांगितलं. आता स्पीकरमधून आवाज आला, पण तो डबा घासल्यासारखा. तिने माझ्या वायरी तबकडीच्या यंत्रासाठी राखलेल्या भोकात खुपसल्या होत्या. त्या शेजारच्या भोकात गेल्या आणि गाणं सुरू झालं. मग मुलीला वाटलं, स्पीकर जरा लांब लांब हवेत. उजवा सरकवला तर त्याची वायर पुरेना. तिने नवी लांब वायर कापली, टोकं सोलली, घाईघाईत जोडली आणि हात झटकले.

"बाबा, बसा आता खुर्चीत. ऐका!" असं म्हणून ती दाराशी उभी राहून मोबाइलवर कुणाशी तरी बोलू लागली.

गाणं बाबांच्या आवडीचं होतं. एक बाई एकटी गात होती आणि मागे नुसता पियानो. मी मन लावून काम केलं. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे, एक आकडाही इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पण बाबांनी मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या बाजूला. मग खुर्ची पुढे ओढली.

"कसं वाटतंय?" मुलीने दारातून विचारलं.

"छान," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र रस्ता चुकलेल्या माणसासारखा झाला होता.

मुलगी तिच्या गावी परत गेली. बाबा रोज सकाळी तेच गाणं लावायचे आणि डोळे मिटून बसायचे. पूर्वी म्हणे ती बाई बरोबर दोन स्पीकरांच्या मधोमध उभी राहून गायची. आता ती कुठेच नव्हती. आवाज होता, पण त्याला जागा नव्हती. कधी डोक्याच्या मागून आल्यासारखा, कधी दोन्ही कानांतून ओढल्यासारखा. पियानोचे खालचे सूर तर पातळ कढीसारखे झाले होते. बाबांनी माझं बटण बंद करून चालू केलं. माझ्यावरची धूळ पुसली. मी आपला तिन्ही दिवे लावून तयार! माझं काय चुकतंय, मला समजेना. मी आतल्या आत सगळं पुन्हा तपासलं. आकडे बरोबर, लाटा बरोबर. मग बाबा मान का हलवतात?

त्यांनी यंत्रावर संशय घेतला असता तर मला इतकं लागलं नसतं. त्यांनी स्वतःवर घेतला.

ते कानांच्या डॉक्टरांकडे गेले. परत आले तेव्हा आईंनी मशीन थांबवून विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत."

"मग झालं तर!"

"झालं कसं? लेकीने नवं यंत्र आणलं, ते चांगलं. कान चांगले. मग राहिलं काय?" बाबांनी बोट कपाळाकडे नेलं आणि तसंच खाली आणलं.

आईंनी मशीन पुन्हा सुरू केलं.

त्यानंतर बाबा एका शाळेत पियानो जुळवायला गेले आणि अर्धवट सोडून आले. एका तारेवर तीन तास बसलो, म्हणाले, बरोबर आहे की नाही तेच ठरेना. मग शहरातल्या मोठ्या सभागृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. शनिवारी मोठा कार्यक्रम होता. बावीस वर्षं तिथला पियानो बाबाच जुळवत होते.

"दुसरा कुणीतरी बघा," बाबा फोनवर म्हणाले. "नाही, तब्येत ठीक आहे. पण आता माझा भरवसा नाही."

फोन ठेवून त्यांनी ती लांब दांड्याची किल्ली फडक्यात गुंडाळली आणि कपाटाच्या वर, हात पुरणार नाही इतकी आत सरकवली. माझंही बटण दाबून दिवे घालवले. अंधारात बसून मी विचार करत राहिलो. कोडं काही सुटलं नाही.

दोन दिवसांनी आई उठल्या. मशीन बंद केलं आणि सरळ बाबांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत म्हणे त्या खुर्चीत त्या कधी बसल्याच नव्हत्या.

"अहो, लावा बरं तुमचं गाणं."

"कशाला उगाच?"

"लावा म्हणते ना."

बाबांनी मला जागं केलं. बाई गाऊ लागली. आईंनी डोळे मिटले, मान कलती केली, खुर्ची पुढे ओढली. अगदी बाबांसारखं!

"अहो," त्या म्हणाल्या, "मलाही ही बाई सापडत नाहीये."

"काय?"

"ही कुठे उभी आहे तेच कळत नाही. सगळीकडून येतोय आवाज. म्हणजे तुमचं डोकं ठिकाणावर आहे. नाहीतर मग आपल्या दोघांचीही एकाच दिवशी फिरलीत!"

बाबा उभे होते ते मटकन शिवणाच्या स्टुलावर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू आधी का नाही बोललीस?"

"मी कोपऱ्यात मशीनच्या खडखडाटात बसते. मला काय कळणार? आणि तुम्ही तरी कधी म्हणालात, जरा इथे बसून ऐक म्हणून?"

मग आईंनी गाणं थांबवलं आणि कापडाची शिवण तपासावी तशी अॅम्प्लिफायरपासून स्पीकरकडे जाणारी एकेक वायर बोटांतून सोडत सोडत निघाल्या. प्रत्येक वायरीला दोन पदर होते आणि एका पदरावर बारीक लाल रेघ होती. अॅम्प्लिफायरपाशी आणि डाव्या स्पीकरच्या पाठीवर रेघेचा पदर लाल खुंटीला होता, दुसरा काळ्या खुंटीला. उजव्या स्पीकरपाशी आई गुडघ्यांवर बसल्या आणि मोठ्याने हसल्या.

"इथे रेघ काळ्याला लावलीय! उलटी बाही शिवलीय तुमच्या लेकीने. पूल बांधते म्हणे!"

मित्रांनो, तेव्हा कुठे मला थोडं समजलं. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता, तेव्हा दुसरा ती मागे ओढत होता. दोघे एकमेकांचं बोलणं खोडत बसले होते. माझ्या पाठीमागे हे चाललं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

आईंनी बटण बंद करायला लावलं, पदर सोडवले, अदलाबदल करून पुन्हा आवळले. गाणं लागलं. बाबा आता त्यांच्या खुर्चीत होते. दोन ओळी झाल्या आणि त्यांनी समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"इथे," ते हळूच म्हणाले. "इथे उभी आहे."

मुलीला फोन गेला. ती आधी "शक्यच नाही" म्हणाली आणि मग रडायला लागली. "बाबा, मी एकदा खुर्चीत बसून ऐकायला हवं होतं हो."

सभागृहालाही फोन गेला, पण उशीर झाला होता. दुसरा माणूस येऊन पियानो जुळवून गेला होता. बाबा म्हणाले, "असू दे." शनिवारी दोघं तिकीट काढून कार्यक्रमाला गेली. परत आल्यावर बाबा चपलाही न काढता बोलू लागले.

"ऐकलंस ना? वरच्या सप्तकात एक तार उतरलेली होती. केसभर! पण होती."

"मला नाही बाई कळलं," आई म्हणाल्या.

"कुणालाच नाही कळलं. मला कळलं!" दुसऱ्याची चूक सापडल्यावर इतका निर्मळ आनंद झालेला माणूस मी पाहिलेला नाही. त्याच पावली त्यांनी स्टूल ओढलं आणि वर चढून कपाटावरची किल्ली खाली काढली. दुसऱ्या दिवशी ते शाळेतलं अर्धवट राहिलेलं काम पुरं करून आले. पुढे त्यांनी आणखी नऊ वर्षं पियानो जुळवले.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझा एक दिवा गेला आहे आणि बटण दोनदा दाबावं लागतं. तरी मला एक गोष्ट अजून उमगलेली नाही. दोन पदरांच्या वायरीमुळे एवढा जाणता माणूस स्वतःलाच चुकीचा कसा समजू लागला? तुम्हाला उमगलं तर मला सांगा. आणि तोवर एवढं करा: आमच्या वायरी जोडताना घाई करू नका, रेघ कुठे जाते ते पाहा, आमच्यावरची धूळ अधूनमधून पुसा. आणि घरातलं कुणी गप्प गप्प होऊन "छान आहे" म्हणू लागलं, तर दारात उभे राहून विचारू नका. आत या, त्यांच्या खुर्चीत बसा आणि त्यांना जे ऐकू येतंय, ते एकदा स्वतःच्या कानांनी ऐका.