आगपेटीतला दोरा

माझा इंद्रजीत बाहेर लई गोड बोलतो. दुकानदाराशी, शेजाऱ्याशी, कंपनीतल्या साहेबाशी. खोटं तेवढं घरी येऊन बोलतो, तेही आईचं नाव पुढं करून.

तनुजा त्याची पोरगी, अकरा वर्षांची. तिला चाकाच्या फळीचं, त्या स्केटबोर्डचं, येड लागलं. दोन महिने समोरच्या श्रेयाची फळी मागून चालवली. मी ओट्यावर बसून रोज बघत होते. पोरगी उड्या मारत नव्हती. आमच्या बजाजनगरच्या खडबडीत रस्त्यानं लांब जायची, वळण घ्यायची, परत यायची. श्रेयाला विचारलं तर म्हणली, "आजी, उड्या मारायला फळी अरुंद, चाकं छोटी अन् टणक. लांब जायला फळी रुंद, चाकं मोठी अन् मऊ. टणक चाक खड्यावर अडकतं." मी तिच्या चाकाला नख दाबून पाहिलं. जरा दबलं.

माझ्या माहेरी, गंगापूरला, सुतार बैलाच्या मानेला दोरा लावल्याशिवाय जू करत नसे. तसंच मी तनुजाला दारात उभं केलं. इंद्रजीत तिला नवी फळी आणणार होता. दोऱ्याला पाऊल मोजून एक गाठ, दोन पायांतलं अंतर मोजून दुसरी. दोरा आगपेटीत घातला, वरून लाल धागा गुंडाळला अन् इंद्रजीतच्या हातात दिला.

"फळीवर दोरा लावून बघ. चाकाला नख दाब."

"व्हय आई," म्हणला.

मग मी चार दिवस गंगापूरला, द्वारकाबाईकडं, माझ्या बहिणीकडं गेले. परत आले तर तनुजाचा हात गळ्यात बांधलेला. फळी कोपऱ्यात उलटी पडलेली. पोरगी माझ्याकडं बघंना.

"काय झालं गं?"

"खड्यावर अडकून पडले. तूच पसंत केली ना? बाबा म्हणले, आजीनं सांगितली तशीच आणली. आता मी नाय चालवणार कधी."

मी फळी सरळ केली. तिच्या पावलाहून चांगली दोन बोटं अरुंद. चाकाला नख दाबलं तर नखच दुखलं.

इंद्रजीतच्या स्कूटरची डिकी उघडली. आगपेटी तिथंच होती. लाल धागा मी गुंडाळला तसाच.

तो कामावरून आला तेव्हा मी ती त्याच्यापुढं ठेवली.

"आई, दुकानात चार लोक उभे होते. आगपेटीतून दोरा काढला असता तर हसले असते. सगळी पोरं नेतात तीच आणली."

"माझं नाव कशाला घेतलं?"

"तुझं नाव घेतलं की ती हट्ट करत नाय."

या घरात माझा शब्द कुणी मोडला नाय. यानं नुसता मोडला नाय, पोरीला गप करायला वापरला. त्यापेक्षा नुसता मोडला असता तर बरं.

तनुजा दारातून ऐकत होती. आत आली, बऱ्या हातानं फळीच्या चाकाला नख दाबलं, अन् मग बापाकडं बघितलं.

मी म्हणलं, "इंद्रजीत, उद्या ही फळी घेऊन दुकानात जा. तनुजाला संगं ने. तिच्या देखत आगपेटी उघड, दोरा लाव, नख दाब. लोक हसले तर हसू दे. दोरा कुणाचा म्हणून विचारलं, तर माझं नाव सांग. ते तिथं घ्यायचं होतं. पोरीपुढं ते घ्यायचा हक्क आता तुला नाय."