गळ्याचं माप

"ज्यात दुसरं काही मिसळलंय, ते तोंडात घालायचं नाही. निखळ असेल तेच खायचं." आईनं शेवटच्या आजारात हे सांगितलं आणि मी तो नेम धरला. पहाटे स्नान, तासभर जप आणि निखळ अन्न. मिठाच्या पाकिटावर 'आयोडीनयुक्त' असं वाचलं, त्या दिवसापासून ते घरात आणलं नाही. खड्याचं मीठ आणायचं, धुवायचं, वाळवायचं. अकरा वर्षं हे चाललं. दूध आणि अंडी तर मी आधीच सोडली होती.

मी गणवेशांच्या कारखान्यात कॉलर शिवते. माझं पाहून तिथल्या तिघी माझ्याकडूनच मीठ नेऊ लागल्या. उरलेल्या कापडाच्या पुरचुंड्या मीच शिवून द्यायची. खरं सांगते, त्यात मला पुण्य वाटायचं.

कामावर साडीवर घालायच्या कॉलरच्या कोटाचं वरचं बटण लागेना, तेव्हा मी आधी शिलाईला नावं ठेवली. मग टेप लावली. साडेतेरा इंचांचा गळा पंधरा भरला. बोटाखाली सुपारीएवढी गाठ लागली. आई पोटातल्या गाठीनंच गेली होती.

सुईनं तपासणी झाली. आज रिपोर्ट होता. धाकटी नणंद सोबत आली होती. बाकावर बसल्या बसल्या माझा जप चारदा चुकला.

"वहिनी, घरातली सगळी कामं तुमच्याच गळ्यात पडतात," ती म्हणाली. "सुजणार नाही तर काय होईल?"

"गप बस गं."

"हसलात ना? मग बास."

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला. "कॅन्सर नाही, काकू."

माझ्या कानात नुसता घुमारा भरला. नणंदेनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"थायरॉईडची ग्रंथी वाढलीय. तिला आयोडीन लागतं. ते कमी पडलं की ती ओढाताण करून मोठी होते. मीठ कुठलं खाता?"

मी सांगितलं. नेमासकट, आईच्या आजारासकट.

"खड्याच्या मिठात आयोडीन जवळजवळ नसतंच. थकवा येतो? थंडी वाजते?"

येत होता. वाजतही होती. मी त्यालाच तप समजत होते.

"मग पुढेही कॅन्सर होणार नाही ना?" मी विचारलं.

"तसा शब्द मी कसा देऊ? वर्षानुवर्षं आयोडीन कमी पडलं, तर थायरॉईडच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा धोका वाढत असावा, असं दिसतं. नक्की किती, ते अजून ठरलेलं नाही. तुमच्या आईच्या गाठीशी याचा संबंध जोडू नका. साधं पाकिटातलं मीठ घ्या, नेहमीइतकंच. दुप्पट खाऊन दुप्पट लवकर बरं होत नाही. तीन महिन्यांनी दाखवा."

"पण त्यात मिसळलेलं असतं," मी हळूच म्हणाले.

त्या कागदावर लिहू लागल्या. मी पदराशी चाळा करत बसले. आणि एकदम अंगावर काटा आला. कॉलरीच्या दोन पदरांत आम्ही बकरम, म्हणजे कडक कापडाची पट्टी, घालतो. ते नसेल तर कॉलर मान टाकते. त्याला आजवर कुणी भेसळ म्हटलेलं नाही. आई दुधातल्या पाण्याला घाबरायची, वाळू घातलेल्या डाळीला. तिला फसवणूक नको होती. कॉलर उभी राहू नये, असं तिनं कुठे म्हटलं होतं?

मला इतका आनंद झाला की मी बाईंचं टेबल थोपटलं.

"अजून कुणी खातं का ते मीठ?" त्यांनी विचारलं.

आनंद जागच्या जागी थिजला. आमच्या कटिंगवालीनं गेल्या महिन्यात मला बंद गळ्याचा ब्लाउज गळ्याशी सैल करायला दिला होता. "जाड झाले गं मी," म्हणाली होती. दंड मात्र होते तसेच काटकुळे. मी अर्धा इंच उसवून दिला आणि वर पुरचुंडीही दिली.

"तिघी," मी म्हणाले. "घेऊन येते. आजच."

बाहेर नणंद म्हणाली, "आधी घरी चला, दोन घास खा. संध्याकाळी जाऊ."

"तू पुढे हो. तुझ्या दादाला सांग, काळजीचं काही नाही."

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी मिठाची चार पाकिटं घेतली. एक माझं. पिशवीत टेप होती, ती काढून गळ्यात अडकवली आणि कारखान्याच्या रस्त्याला लागले.