स्कीला पाय लागला

आम्ही कॉव्हेंट्रीहून निघायच्या आधीच कस्तुरीने व्हॉट्सॲपवर नियम पाठवले. स्कॉटलंडच्या डोंगरावर स्की करताना कसं वागायचं, याचे. हे नियम म्हणे कुठेच लिहिलेले नसतात, सगळ्यांना ठाऊक असतात. मग आम्हाला का नाहीत, असं मी विचारलं, तर लेकीने डोळे फिरवणारा चेहरा पाठवला.

तिला काळजी होती मोरागबाईंची. म्हणजे तिच्या होणाऱ्या नवऱ्याची, कॅलमची आई. त्यांनी पंचवीस वर्षं त्या डोंगरावर स्की शिकवलेलं. आमची पहिलीच भेट, आणि तिसऱ्या दिवशी लग्नाची तारीख ठरायची होती.

आमच्या ह्यांनी, कमलाकरांनी, चष्मा लावून नियम मोठ्याने वाचले. "उतारावर जो खाली असतो, त्याचा मान पहिला. वरच्याने सांभाळून जायचं." मग चष्मा काढून म्हणाले, "छत्तीस वर्षं नोकरी केली, असं कुठेच पाहिलं नाही."

शेवटचा नियम खास ह्यांच्यासाठी होता आणि तो तिने फोन करून सांगितला. झालं होतं असं, की आमच्याजवळ स्की शिकवायचा बर्फाचा हॉल आहे, तिथे ह्यांनी चार धडे घेतले. रांगेत ह्यांची स्की एकाच्या स्कीवर चढली. पाय लागला म्हणून हे सवयीने वाकले, त्याच्या स्कीला हात लावला, तो हात छातीला लावायला उठले आणि घसरले. पाच माणसं आडवी झाली. त्यात एक शिक्षक होता.

"बाबा, फक्त सॉरी म्हणायचा," कस्तुरी म्हणाली. "ते नमस्कारवाला थिंग नको. इट्स सो वीअर्ड. कॅलमच्या आईसमोर तर प्लीज नको."

मला राग आला. पोरीला आपली लाज वाटते, हे आपल्याच फोनवर ऐकायचं. ट्रेनमध्ये मी तिच्याशी मोजकंच बोलले.

डोंगरावर मी गुडघ्यांचं निमित्त केलं आणि उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेशेजारी चहाचा थर्मास घेऊन उभी राहिले. रांगेत कोणी कोणाला ढकलत नव्हतं, पुढेही जाऊ देत नव्हतं. सगळे सॉरी म्हणत होते, मनापासून एकही नाही.

पहिल्याच सकाळी जे व्हायचं ते झालं. ह्यांची स्की थेट मोरागबाईंच्या स्कीवर चढली. बाईंनी खाली पाहिलं. कस्तुरीने बाबांकडे पाहिलं. ह्यांचा हात गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"सॉरी," हे म्हणाले.

"नॉट टू वरी," बाई म्हणाल्या, आणि स्की अशी ओढून घेतली की वरी करायला हवी हे मला लांबूनही कळलं.

दुपारी ह्यांनी सूपला हातही लावला नाही. "पाय लागला गं त्यांना."

"स्कीला लागला."

"स्की म्हणजे पायच की. विहीणबाई होणार त्या. आणि मी नुसता ठोंब्यासारखा उभा."

मला वाईट वाटलं. उगाच तोंडावर नियम फेकले पोरीने, आणि आम्हीही पाळले.

तिसऱ्या दिवशी वारा वाढला. लिफ्ट बंद होणार म्हणून रांगेत घाई उडाली. मोरागबाईंच्या मागे कस्तुरी होती. अठ्ठावीस वर्षांची, कॉव्हेंट्रीत जन्मलेली, ऑफिसात बारा जणांना कामाला लावणारी. तिची स्की बाईंच्या स्कीवर चढली. ती चटकन वाकली, स्कीला हात लावला, हात छातीला नेला आणि घसरली. जाताना बाईंना घेऊन गेली, आणि बाईंनी कॅलमला.

तिघंही बर्फात. कस्तुरी माझ्याकडे बघत होती, लहानपणी दूध सांडल्यावर बघायची तशी.

तेवढ्यात हे मागून सरकत आले. काठ्या बर्फात रोवल्या, वाकले, आडव्या पडलेल्या विहीणबाईंच्या स्कीला हात लावून छातीला लावला, आणि न घसरता उभे राहिले.

"सॉरी," म्हणाले, "धिस वॉज पेंडिंग फ्रॉम सॅटर्डे."

बाईंनी तोंडातला बर्फ थुंकला आणि इंग्रजीत विचारलं, "याचीही रांग असते का?"

"तू तर म्हणालीस, असं फक्त तुझे बाबा करतात," कॅलम म्हणाला.

कस्तुरी मराठीत पुटपुटली, "आई, मी नाही केला. माझी हात आपोआप गेली."

मी तिला उठवलं, थर्मासमधला चहा दिला. मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी टोपी खाली ओढली.

संध्याकाळी तारीख ठरली. मग मोरागबाईंनी वही काढली. लग्नात कोणाला वाकून नमस्कार करायचा, कोणाच्या पुढे जायचं नाही, सगळे नियम त्यांना लिहून हवे होते.

"ते कुठेच लिहिलेले नसतात," मी म्हटलं. "कस्तुरीला विचारा. तिला सगळे ठाऊक आहेत."