अर्ध्यातून वळलेली होडी

जवळ सरका, मायबापहो. आज एका सुनेची गोष्ट सांगतो. ऐकून तुमच्यापैकी एक जण जरी काठावर सुखरूप परत आला, तरी माझं सांगणं देवाच्या पायी रुजू झालं.

"श्वास घेता येतोय?" सासूने विचारलं.

"येतोय, आई."

"मग अजून सैल आहे," म्हणत सासूने पट्टे आवळले आणि लाइफ जॅकेट खांद्यांपाशी धरून असं वर ओढलं, की सूनबाई चवड्यांवर आली. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं नाही, तेव्हा कुठे सोडलं.

तळं एवढं अफाट, की पलीकडचा काठ म्हणजे नुसती रेघ. तिथे होडीघराचे मालक वाट पाहत होते. कयाकमधून, म्हणजे या एकट्याच्या अरुंद होडीतून, पार येऊन दाखव, नवऱ्याची वाटाड्याची जागा तुझी, असा त्यांचा शब्द. नवरा गेल्या वर्षी याच पाण्यात गेला. पट्टीचा पोहणारा, म्हणून जॅकेट अंगात न घालता बैठकीमागे बांधलेलं. होडी उलटली, गार पाण्याने बोटं आखडली, गाठ काही सुटली नाही.

अलीकडच्या काठामागे टेकडी, त्यामुळे पान हलत नव्हतं. "वहिनी, झोप काढत जा!" धाकटा दीर हसला.

टेकडीचा आडोसा संपला आणि वारा पाठीशी लागला. होडी आपसूक धावू लागली. पुढे मात्र लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस. मन म्हणालं, पोचशील की! पण तिला ठाऊक होतं: असा वारा नेतो लाडाने, आणि पुढे लाट वाढतच जाते. नोकरी समोर होती, घरी झोपलेली लेक मागे.

तिने होडी वळवली.

वळतानाच लाट आडवी बसली. ती पाण्यात. छाती गारठून गेली, तोंडातून आवाज फुटेना. जॅकेटने वर धरलं. तिने होडी सुलटी केली, पोटावर चढली, घसरली, पुन्हा चढली. "देवा, वारा तुझा, वल्हं माझं," पुटपुटत तोंडावरचा वारा कापत काठाला लागली तेव्हा ओठ निळे पडले होते.

दिराचा फोन वाजला. मालक होते. "अर्ध्यातून पळाली म्हणे?"

सासूने फोन हिसकावला. "हो, पळाली. माझा मुलगा असाच पळून आला असता, तर तुमच्या पाया पडले असते. ठेवा आता, पोरीचे कपडे बदलायचेत."

जागा दुसऱ्याला मिळाली.

वारा पडला त्या सकाळी सूनबाई पुन्हा निघाली, दीर शेजारच्या होडीत. पलीकडे कुणीच वाट पाहत नव्हतं. ती काठावर घटकाभर बसली, चूळ भरली आणि परत निघाली.

मायबापहो, जिंकणाऱ्यांची आठवण सगळेच ठेवतात. तुम्ही हिची आठवण ठेवा.