मोरपंखी चौकोन

मित्रांनो, जानेफळच्या एका खाजगी दवाखान्यातल्या संगणकात मी राहतो. मी पाळ्यांचा तक्ता आहे आणि आता फार जुना झालो आहे. डाव्या बाजूला दवाखान्यातल्या आयांची नावं, वरच्या ओळीत महिन्याच्या तारखा आणि मध्ये नुसते रंगीत चौकोन, एवढाच माझा देह. माझी एक छापील प्रत औषधांच्या कपाटाशेजारी भिंतीला टाचलेली असते. कामावर येणारी प्रत्येक बाई आधी माझ्याकडे पाहते, मग पदर खोचते.

बारा वर्षांपूर्वी सुचिता सिस्टरांनी मला जन्म दिला. तेव्हा माझ्या चौकोनांत अक्षरं होती. सकाळपाळीला 'स', दुपारला 'दु', रात्रीला 'रा' आणि सुटीला 'सु'. पहिल्याच आठवड्यात मनकर्णाबाई सुटीच्या दिवशी कामावर येऊन बसल्या. सगळ्या आयांत त्या वडीलधाऱ्या होत्या.

"सिस्टर, हे स अन् सु जुळ्या बहिनी दिसून राह्यल्या," त्या म्हणाल्या. "चष्मा घरी राह्यला की मले काई उमजत नाई."

"मग काय करू, मावशी?"

"रंग भरा. लुगड्याचा रंग मले रस्त्यापलीकडून समजते."

मग दोघी माझ्यासमोर दुपारभर बसल्या. सकाळपाळीला हळदी रंग ठरला. दुपारपाळीला आमसुली. तो संगणकात काही केल्या सापडेना. मनकर्णाबाई पडद्यावर बोट टेकवून म्हणत, "हा नाई वो. हा वांगी झाला." रात्रीला चिंतामणी, म्हणजे निळसर. सुटीला मोरपंखी, मोराच्या पिसावर असतो तसा हिरवा. अक्षरं पुसून टाकली आणि मी लुगड्यांच्या दुकानासारखा उजळलो.

माझं फार कौतुक झालं. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवत. धामणगाव बढ्याच्या एका दवाखान्याने माझी नक्कल मागून नेली. कोणता रंग म्हणजे काय, हे कुठे लिहून ठेवायला हवं, असं कोणाच्याही मनात आलं नाही. सगळ्यांना ते पाठच होतं. मलाही त्याचा अभिमान वाटे. अक्षरांवाचून बोलणारा तक्ता, असं मी स्वतःला म्हणे.

पण मित्रांनो, रंगाचंही ओझं असतं. दर महिनाअखेरीला मला पुसतात आणि पुन्हा रंगवतात. ईद आली, लग्नसराई आली, कोणाच्या पोराला ताप आला, की एकीचा हळदी दुसरीला द्यायचा आणि दुसरीचा चिंतामणी तिसरीला. एकशे चाळीसहून जास्त महिने मी असा पुसला गेलो आहे. मनकर्णाबाईंनी तीन वर्षांपूर्वी काम सोडलं. नंतर मी भिंतीवर वाकडा झालो तरी कोणी सरळ करत नसे. लोक मला पाहत, पण माझ्याविषयी बोलणं बंद झालं होतं.

दोन महिन्यांपूर्वी सुचिता सिस्टरांचा पाय मोडला आणि त्या घरी बसल्या. त्यांच्या जागी वैष्णवी नावाची नवी सिस्टर आली. मुलगी कामाला चोख आणि बोलायला गोड.

आमच्याकडे रुबिना म्हणून आया आहे. बारा वर्षांत तिने जादा सुटी क्वचितच मागितली असेल. तिच्या आईला, अमीरबीला, दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. बुलढाण्याच्या शिबिरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नंबर लागला होता. गुरुवारी भरती, शुक्रवारी दुपारी सुटका आणि सोबतीला घरची बाई हवीच. घरची बाई म्हणजे रुबिना एकटीच. शुक्रवारी तिची सुटी आधीच होती. गुरुवारची तिने सुचिता सिस्टरांकडे फोनवर मागितली आणि त्यांनी लगेच वैष्णवीला कळवलं, "रुबिनाचा गुरुवारचा चौकोन मोरपंखी कर."

वैष्णवीने मला उघडलं. कोणता रंग कशाचा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या घरी मोरपंखी म्हणजे मोराच्या गळ्याचा रंग. तिने रुबिनाच्या हळदी चौकोनावर निळा, म्हणजे आमचा रात्रीचा चिंतामणी ओतला, नवी प्रत छापली आणि भिंतीला टाचली.

मित्रांनो, मला ओरडायचं होतं. मला तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी रुबिना आली. तिने वर पाहिलं आणि पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली. सिंधूताई तिच्या पाळीतली सोबतीण. ती मागून येऊन म्हणाली, "सुटी मांगली अन् रात्र भेटली. घे आता."

"काऊन अशी केली असंन?"

"जाऊन विचार ना तिले."

"नवी हाये ते. तिनं काई इचार करूनच टाकलं असंन," रुबिना म्हणाली. "बारा वर्सांत तक्ता कधी चुकला का? तक्त्यासंग कोन भांडते?"

माझ्यावरचा तो विश्वास मला त्या दिवशी नकोसा झाला. गुरुवारचं जमत नाही हे सांगायला तिने माझ्यासमोरच आईला फोन लावला. "अम्मी, जुमेरात को नै होता. ड्यूटी लगी है." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. रुबिना एवढंच म्हणाली, "हाव, अगले शिबिर में." मग ती फरशी पुसायला गेली.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता ती रात्रपाळीला आली. वैष्णवी घरी निघाली होती. ती दारातच थांबली.

"रुबिनाताई, तुम्ही इथं? बुलढाण्याला नाही गेलात?"

"कशी जाऊ? मले रात्र हाये."

"रात्र कुठली? तुमची सुटी आहे. मी स्वतः मोरपंखी केलंय."

रुबिनाने माझ्याकडे बोट केलं. "हा चिंतामणी हाये, सिस्टर. मोरपंखी तो पलीकडचा."

वैष्णवी माझ्याजवळ आली. एकदा हिरव्याकडे, एकदा निळ्याकडे पाहत राहिली. "मोराचा गळा निळा असतो ना," ती हळूच म्हणाली.

"अस्ते. पर आम्ही पिसाचा धरतो."

रुबिना भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर बसली आणि तिने चपला काढून पाय चोळले. "अम्मीचा नंबर दुसऱ्याले गेला असंन," ती म्हणाली. पुढचं शिबिर दोन महिन्यांनी होतं.

दुसऱ्याच दिवशी वैष्णवीने माझ्या प्रत्येक चौकोनात रंगावर पूर्ण शब्द लिहिले. सकाळ, दुपार, रात्र, सुटी. पुढच्या शिबिराच्या तारखा कळल्या तेव्हा तिने रुबिनाला शेजारी बसवून विचारलं, "दोन्ही दिवस सुटीच लिहू ना?"

"सुटी लिवा. अन् अम्मीचं नाव बी लिवा. म्हंजे कोनी बदलनार नाई."

आता त्या दोन चौकोनांत लिहिलं आहे: 'सुटी. अमीरबीचा डोळा.' दवाखान्यात काम न करणाऱ्या माणसाचं नाव माझ्यात पहिल्यांदाच आलं.

मित्रांनो, रंग भरा, जरूर भरा. त्यांच्यामुळे थकलेल्या डोळ्यांना विसावा मिळतो. पण रंगाचा अर्थ शेजारी लिहून ठेवा, आणि नवं माणूस आलं की त्याला तो जवळ बसवून सांगा. आणि तक्ता कितीही जुना, कितीही भरवशाचा असला, तरी शंका आली की माणसाला विचारा. मी फक्त दिसतो. मला उत्तर देता येत नाही.

शिबिराला अजून अठरा दिवस आहेत. रुबिना कामावर आली की माझ्याकडे पाहते, सगळं वाचते, आणि तरीही मागे वळून विचारते, "सिस्टर, हाये ना सुटी?"

"आहे, रुबिनाताई."

उद्याही ती विचारणार आहे.