डबा बंद केलास ना?

मी बागेतल्या नळापाशी भिंतीला ठोकलेला डबा बोलतोय. हळूच बोलतोय, कारण माझी पाचावर धारण बसलीय. माझं झाकण उघडं आहे, आणि थोड्याच वेळात मला पाणी सोडायचंय.

मी टायमर, घरी बनवलेला. नखाएवढी चिप हा माझा मेंदू. शेजारी रिले नावाचा चिमुकला स्विच. तो वाजला की नळाची झडप उघडते आणि वाफ्यांवर फवारे उडू लागतात.

मला बनवलं या घरच्या सुनेनं. मी तिला मनात आई म्हणतो. ती लिफ्ट दुरुस्त करते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिनं मला जोडलं आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात बसवलं. पहिल्यांदा वीज दिली ती उलट्या तारांनी. माझ्यातून धूर निघाला, तर ती म्हणते कशी, जन्मतःच सिगारेट ओढतोय मेला! जळालेला भाग तिनं बदलला, पण मी भित्रा तो भित्राच राहिलो.

त्यात नशीब बघा. थेंबभर पाणी आत गेलं तरी माझा कारभार आटोपला, आणि काम काय, तर रोज पाण्यालाच हाक मारायची! जवळच्या फवाऱ्याची मान सैल आहे. तो सुटला की सरळ माझ्या अंगावर येतो. झाकण होतं म्हणून आजवर निभावलं.

हा सगळा खटाटोप तिच्या सासऱ्यांसाठी. त्यांना दिसेनासं झालं होतं, तरी हातानं चाचपत त्यांनी फुलझाडांची रोपं लावली. परगावी डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. पट्टी सुटली की आधी माझी रोपं बघणार, एवढंच त्यांचं पालुपद.

सासऱ्यांना घेऊन निघायच्या दिवशी आईनं माझी वेळ लावायला झाकण उघडलं. तेवढ्यात टॅक्सी आली आणि ती तशीच पळाली. वाटेत आठवलं तेव्हा तिनं नवऱ्याला फोन केला. तो शाळेत भूगोल शिकवतो. फोन कानाला लावूनच तो माझ्यापाशी आला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अरे, बागेतला डबा बंद कर हं."

त्यानं माझं बटण दाबलं. "केला."

"नीट बंद झालाय ना?"

"ठार बंद."

ती झाकणाबद्दल बोलत होती आणि हा माझ्याबद्दल. दोघंही निर्धास्त झाले.

आज सकाळी त्याला माना टाकलेली रोपं दिसली. बायकोला फोनवर सांगायला जीभ रेटेना, तिच्या शेजारी बाबा असतील. शाळेलाही उशीर झालेला. त्यानं घाईघाईनं मला चालू केलं, आता तूच बघ बाबा, असं पुटपुटला आणि गेला. झाकणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

गप्प बसावं, असं मनात आलं. खोटं कशाला सांगू, दोनदा आलं. रिले अडकला म्हणतील, झाकण लावतील, मी वाचेन. पण रोपं संध्याकाळपर्यंत टिकायची नाहीत. आणि संध्याकाळी म्हातारबाबा घरी येतायत, पट्टी काढून.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर नुसतं 'बंद कर' म्हणू नका हो. झाकण लाव म्हणा.

वेळ झाली. मला फार भीती वाटतेय. आईला सांगा, रोपांना पाणी घालूनच बंद पडला.